दक्षिणेकडे तोंड

शरणपूर रोडच्या प्रसूतिगृहाच्या गच्चीवर
चार काळ्या पेट्या दक्षिणेकडे तोंड करून पडल्यात.
आई म्हणायची, दक्षिणेला तोंड करून जेवू नये,
यमाची दिशा ती.
यांना कोणी सांगावं?
सकाळी आठपासून बसल्यात ताटावर.

जानेवारी. निफाडला म्हणे पारा पाचावर.
मेट्रन एस्तेर भालेराव शाल सावरत म्हणाल्या,
"तीन दिवस झाले, नळाला कोमटसुद्धा नाही.
सात बाळं आहेत खाली.
गिझरचं बिल तुमची कंपनी भरणार का?"
मी म्हटलं, बघतो.
बघतो म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं,
त्या जिन्यातच उभ्या राहिल्या.

आधी काच पुसली.
समोर रस्ता खणलेला, महिन्याची धूळ.
काच मोठी बेरकी,
ऊन आत घेते, पण त्याची ऊब झाली
की बाहेर सोडत नाही.
थेट माझी ओझरची आत्या,
दार उघडायला एका पायावर तयार,
निघतो म्हटलं की चपला लपवायची.

काचेखाली तांब्याचा पत्रा, काजळाहून काळा,
पत्र्याच्या पोटाशी नऊ नळ्या, करंगळीएवढ्या,
आणि सगळ्यात खाली लोकरीचा थर,
बाळंतिणीच्या पाठीशी कोंबलेल्या गोधडीसारखा.

नळ्यांतलं पाणी तापतं. तापलं की हलकं होतं,
हलकं झालं की आपणहून वर चढतं, टाकीत.
गार पाणी जड. ते खालच्या वाटेनं परत येतं
आपली पाळी घ्यायला.
मोटार नाही, बटण नाही.
कोकणीपुऱ्यातले इस्माईलभाई, माझे उस्ताद, म्हणायचे,
"पाण्याला ढकलू नको.
टाकी पेटीच्या वर ठेव, बस,
आणि मधली चढण मोडू नको."

चढणच मोडली होती.
रंगकामवाल्यानं शिडी टेकवली असणार,
नळाला मधेच कुबड आलेलं
आणि कुबडात हवेची एक ढेकर
अडकून बसलेली.
तेवढ्यानं तीन दिवस
खालचं पाणी नुसतं चरफडतंय,
वरचं गारठतंय,
भेट नाही.
घरातही होतं असं. आमच्या झालंय.
दिवाळीपासून धाकट्याशी...
ते जाऊ दे.

कुबड सरळ केलं, पाना लावला, नट ढिला.
फुस्स.
मग थुंकी उडवत कढत पाणी.
मनगट भाजलं, तोंडात शिवी आली,
मेट्रनबाई जिन्यात,
गिळली.

दुपारी दिंडोरीला दुसरं काम.
तशीच पेटी, तसाच काळा पत्रा,
फक्त नळ्यांऐवजी पोकळी, आणि पोकळीत वारा.
हवेच्या हाताला टिकाव नाही,
ऊब घेते नि तिथेच सांडते,
म्हणून पंख्यानं हाकावी लागते तिला
जाळ्यांच्या कपाटात,
जिथे बचत गटाच्या शरयूबाई पिंगळे
टोमॅटोच्या चकत्या मांडतात.
एक उचलली. चामड्यासारखी, लाल,
माशी न बसलेली.
तोंडात टाकली तर आंबट ऊन.
"आभाळ आलं की काय करता?" मी विचारलं.
"आभाळ आलं की मी पण बसते," त्या म्हणाल्या,
आणि पुढची जाळी सरकवली.

साडेपाचला मेट्रनचा फोन.
म्हसरूळच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली,
जरा घाबरतच उचलला.
मागे बादलीत धार पडत होती,
कोणतं तरी बाळ बेंबीच्या देठापासून ओरडत होतं,
मग एकाएकी गप्प झालं.
"कोपर बुडवून पाहिलं," त्या म्हणाल्या.
"चालेल."
ठेवून दिला.

ऊन उतरलेलं. मनगटावर फोड.
दिंडोरीहून घरी येणाऱ्याचं
तोंड दक्षिणेकडेच असतं,
हे आजवर लक्षात आलं नव्हतं.
फोन हातातच होता.
धाकट्याचा नंबर लावला.
वाजतोय अजून.