दीडपट वेळ

ऑगस्टचा दुसरा मंगळवार. मेन राज्याचं अगदी वरचं टोक,
पुढे नदी, नदीपलीकडे कॅनडा.
आमची शाळा लवकर उघडते,
कारण सप्टेंबरात बटाट्याच्या काढणीला
ती तीन आठवडे बंद असते.
ग्रंथालयात आम्ही एकोणीस शिक्षक
सहावीच्या मुलांच्या खुर्च्यांत, गुडघे दुमडून.

पडद्यावर कायदा. कलम पाचशे चार.
लोर्ना कीझर चार तास गाडी चालवत आलीय,
घसा बसलाय तिचा, तरी म्हणते,
"ही मेहेरबानी नाही. सवलतही नाही.
रॅम्प जसा इमारतीचा भाग,
तसा हा जास्तीचा वेळ परीक्षेचा भाग."
कुणीतरी डोनटचा खोका पुढे सरकवतं.

आर्मां तिबोदो, सुतारकामाचा शिक्षक,
हात वर न करताच बोलतो,
"एकाला दीडपट वेळ.
मग बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"
सगळे हसले. मीही हसले,
इतरांपेक्षा जरा जोरातच.

लोर्ना चिडत नाही. विचारते,
"तुम्ही बटाटे वेचलेत कधी?"
आमच्याकडे हा प्रश्न म्हणजे
तुम्हाला नाक आहे का, असं विचारणं.
"आठव्या वर्षापासून."
"सरी कोण वाटून द्यायचं?"
"बाप. पावलांनी मोजायचा,
दोन्ही टोकांना काटकी रोवायचा."
"सगळ्यांना सारखी?"

आर्मां छताकडे बघतो.
पंखा तिथे कधीचाच बंद आहे.
"आईला तीस पावलं. मला बावीस.
लेओला नऊ."
लेओ त्याचा भाऊ. डावी बाजू लुळी होती त्याची.
"नऊच. पण त्या नवात एक बटाटा मागे राहिला
तर बाप त्यालाही सोडायचा नाही."

लोर्नानं फळ्यावर काही लिहिलं नाही,
हे मला आवडलं.
"आणि शाळेत?"
"शाळेत पावलं कोण मोजणार?
पाचवीनंतर तो गेलाच नाही."
आर्मांनं एक डोनट उचलला,
आणि परत ठेवला.

मी इतिहास शिकवते.
मे महिन्यात देल्फीन ऊएलेटचा पेपर
मी घंटेसरशी ओढला होता.
ओढला, हाच शब्द. तिच्या पेनाची रेघ
आडवी गेली होती कागदभर,
आमच्याच पूर्वजांना गावांतून कसं हुसकावलं
त्या उत्तराच्या मधोमध.
शिस्त म्हणाले होते मी त्याला.
तिच्या योजनेवर माझी सही आहे,
निळी, ठसठशीत.
आठ पानं होती. मी सहीचं तेवढं शोधलं होतं.

आज त्याच कागदांच्या प्रती
ज्याच्या त्याला, बंद पाकिटात.
तिसऱ्या पानावर एक चौकट: विद्यार्थ्याचं म्हणणं.
गोल अक्षर, मागे झुकलेलं,
जणू जोराच्या वाऱ्यात उभं आहे.

"वेळ संपत आला की आधी सांगा.
वाक्य अर्धं असेल तर ते होईपर्यंत थांबा.
मला हळू येतं. येत नाही असं नाही."

खाली तारीख.
परीक्षेच्या आठ महिने आधीची.

तीन वाजले. खुर्च्या करकरल्या.
आर्मां दाराशी घुटमळतोय,
खिशातली घडीची फुटपट्टी उघडत, मिटत.
लोर्ना सह्यांचे कागद गोळा करत माझ्यापाशी आली.
"झालं?"

मी पहिल्या पानावर परत गेले होते.
"मला जरा वेळ लागेल," म्हणाले.

तिनं मान हलवली
आणि प्रोजेक्टरची वायर
सावकाश गुंडाळायला घेतली.