हालचाल

कामठीच्या छावणीत त्या मे महिन्यात
दिवसातून चारदा मोजणी व्हायची.
चारशे बारा.
पत्र्याखाली चारशे बारा माणसं, आणि वाळ्याचे पडदे
आधी त्यांच्या बराकीला लागले,
कारण गुरुवारी जिनिव्हाचा साहेब येणार होता.
आपली पोरं धुसफुसली :
"आमी काय भट्टीतले हाओत का, बाबू?"
मी लिहून घेतलं नाही. तक्रार तोंडी होती.

मी कारकून. माझ्याकडे कार्बन, टाचण्या, सेन्सॉरचा शिक्का.
उर्दू मोमिनपुऱ्यातल्या शेजाऱ्यांकडून आलेली,
म्हणून त्यांची पत्रं मीच वाचायचो.
म्हैस व्याली का, धाकटीचा ताप उतरला का,
असल्या ओळींत मी नकाशे शोधायचो.

मंगळवारी दिवेलागणीला गोळी सुटली.
एकच. गुडघ्याच्या वर.
कुंपण सहा पावलांवर. टेप मीच धरली होती.

संतरी झनक उईके, रामटेककडचा,
मेजर कुरियनसमोर पट्टा काढून उभा.
त्याचा भाऊ हिवाळ्यात सीमेवर गेला, हे सगळ्यांना ठाऊक.
म्हणाला, "तो वळून राह्यला होता, साहेब."
मेजरांना मराठी बेताचीच. माझ्याकडे पाहिलं.
"पळून?"
"वळून," उईके म्हणाला. "टावेल घ्याले. वाऱ्यानं तारेवर गेलता."

एका अक्षराचा फरक.
प असला तर नियमात बसतं.
व असला तर तार दिल्लीला, दिल्लीहून बर्नला,
बर्नहून पलीकडे,
आणि पलीकडेही कुठल्याशा पत्र्याखाली
आपली माणसं चारदा मोजली जात होती.

दवाखान्यात लान्स नाईक मेहरबान खटक
छताच्या पंख्याकडे बघत बोलला.
"पळत होतो.
टॉवेलपायी गोळी खाल्ली, असं घरी कळवू?
लिही, मुन्शी. पळत होतो."
पळणाऱ्याला तीस दिवस कोठडी आहे, मी म्हटलं.
"मग दे की."

ज्याला प हवा तो व सांगत होता,
ज्याला व हवा तो प,
आणि टाइपरायटरवर तर दोन्ही नव्हते,
तिथे सगळं इंग्रजीतच जायचं.
रात्री दोनला मेजर आले, चष्मा पुसत,
माझ्या खांद्यावरून कोऱ्या कागदाकडे पाहिलं
आणि शब्द दिला : हालचाल.
"कैदी हालचाल करीत असता."
पापणी लवली तरी हालचालच की.
तीन प्रती निघाल्या.

जिनिव्हाच्या साहेबाने वाचलं, मान डोलावली,
माणशी पाणी किती ते विचारलं,
बेलाचं सरबत अर्धं ठेवलं.
उईकेला चौदा दिवस : रायफल अस्वच्छ.
खटकला सात : तारेजवळ जाणे.
दोघंही नंतर माझ्याकडे बघेनात.

पुढच्या वर्षी परतीची यादी आली.
नागपूर स्टेशनवर, मालधक्क्याच्या अंगाला, सह्या घेताना
दोनशे सातव्या नावाने विचारलं, "टॉवेल?"
टॉवेल एक, निळी किनार, जोडपत्र ब,
लाखेने बंद.
पुरावा आहे, मी म्हटलं. देता येत नाही.
तो हसला बहुतेक. लंगडत डब्यापर्यंत गेला.
दांडी धरली, आणि
वळला.

या वेळी मी नीट पाहिलं.