नुसतं पाहाले

फाल्गुनातली दुपार. मृगबहाराची शेवटची तोड.
शेडमध्ये आम्ही पाचजणी पेट्या भरतोय,
तळाला तणस, त्यावर फळ, त्यावर पुन्हा तणस,
डागी निघालं की टोपल्यात.
रुख्मा बंबाळ तिसऱ्यांदा विचारते,
"सांग ना व मंदाकिनी, काय पाह्यलं तिकडे?"

काय सांगू.
तीस वर्षं लसीचा डबा खांद्याला लावून
पायी, सायकलने, कधी ट्रॅक्टरवर टेकून
चौदा गावं केली.
सुटी घेतली ती कोणाच्या तरी तेरवीसाठी.
रिटायर झाले तशी भाची म्हणाली, मावशी, रोमला ये,
तीन आठवडे ये, आणि काही करू नकोस.
तेच जमेना.
पहिल्या दिवशी पहाटे पाचला उठून
मी तिचा ओटा घासून काढला.

मग एका चौकात, कारंज्याच्या काठाशी,
तिने मला खुर्चीत बसवलं.
कॉफी आली. पोरांना झाकणाने मोजून
औषध पाजायची मी, तेवढीच.
एका घोटात संपली
तरी कोणी ऊठ म्हणेना.
शेजारी चार म्हातारे पेपरावरून भांडत होते
हात नाचवत, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर भांडतात तसे,
अंगात फक्त कोट.
उन्हं भिंतीवरून सरकत छपरावर गेली
आणि मी ती सरकताना पाहिली,
सगळी.

"आन् तो वाकडा मनोरा?" नलू विचारते.
पाहिला. लोक हवेत हात रेटून फोटो काढत होते.
मला आपली पाण्याची टाकी आठवली.
बांधली त्याच वर्षी कलली,
एक माणूस फोटो काढायला आला नाही.
हसतात सगळ्या. पेटीवर पेटी चढते.

एक देऊळ सांगते, जुनं, दोन हजार वर्षांचं.
घुमटाला मधोमध भोक.
पाऊस आला की थेट आत,
फरशीलाही बारीक भोकं, निचऱ्याला.
माझ्या उपकेंद्राचं छतही गळायचं,
मी घमेलं ठेवायची.
तिथे लोक टोप्या काढून वर बघत उभे.

आणि रस्त्याकडेला संत्री!
फळांनी वाकलेली झाडं, खाली सडा,
कोणी वाकून उचलेना.
मी उचललं. सालीवर अंगठा दाबून पाहिला,
सोललं, खाल्लं.
कडू. लिंबोळीसारखं कडू.
रुख्माचा हात पेटीवरच थांबतो.
"मंग इतके झाडं कायले लावले?"
"पाहाले."
"नुसतं पाहाले?"
कोणी काही बोलत नाही. तणस खसखसतं.

पाण्यातलं गाव शेवटी पाहिलं.
धुकं होतं. दारांच्या पायऱ्या
सरळ पाण्यात उतरत होत्या, खालच्या दोन शेवाळलेल्या.
नावाड्याने हात पुढे केला, मी बसले नाही.
पैसे दिलेत मावशी, भाची म्हणाली.
तिला कुठे ठाऊक,
तिच्या जन्माआधीच माझं माहेर धरणाखाली गेलं.
आमच्याही पायऱ्या अशाच उतरल्या पाण्यात
एका पावसाळ्यात, आणि वर आल्या नाहीत.
कोरड्या सालात मारुतीचा कळस दिसतो, बस्स.
इथे पाणी उंबऱ्याशी येऊन थांबलेलं.
वर खिडकीत चादर वाळत होती,
आत कोणीतरी कांदा परतत होतं,
वास खाली येत होता.
मी त्या पायरीवर बसले
तासभर, पाय आखडून,
पाण्याला लागू नयेत म्हणून.

हे मी सांगत नाही.
सांगते, होड्या काळ्या होत्या. लांबच्या लांब.

रुख्मा डागी टोपल्यातलं एक संत्रं सोलते,
अर्धं माझ्या हातावर ठेवते. गोड.
मी पुढची पेटी ओढायला उठते
तर पदर धरून खाली बसवते मला.
"बस व जराशी. गाडी याले टाइम हाये."

शेडच्या पत्र्यावर ऊन कडकडतंय.
बियांचा ढीग दोघींच्या मध्ये वाढतो.