विश्रांती, ११.२० ते ११.४०

न्यायाधीशबाई चष्मा काढतात
तेव्हाच मला कळतं; पुकारा नंतर होतो.
मी नोंदीत वेळ टाकते आणि बोटं मोडते.
कुताईसीच्या या कोर्टात एकवीस वर्षं झाली,
दोन आकड्यांच्या मधलं
माझ्याकडे कधी कुणी मागितलेलं नाही.

दावा एका अक्रोडाचा.
बुंधा नुगझारच्या आवारात,
फांद्या लामाराच्या.
सातवी तारीख आहे. वकिलांच्या फीमध्ये
एव्हाना एखादी बाग झाली असती.
निकालापर्यंत झाडाला कुणी हात लावायचा नाही,
हा हुकूम जूनमध्ये मीच टाइप केला.

सकाळभर नुगझारचे हात खिशात.
बाईंनी दोनदा हटकलं. ‘गारठा आहे,’ म्हणाला.
लामारा चर्चला जायचे पांढरे हातमोजे घालून आलेली,
खिडकीत ऑक्टोबरचं चांगलं ऊन असताना.

आता अंगण.
दोघे वकील एकाच लायटरवर सिगारेटी पेटवतात,
भांडण आत खुंटीला टांगून, कोटासारखं.
शिपाई सूर्यफुलाच्या बिया फोडतोय.
मी बाटली भरायला नळावर गेले
तर तिथे लामारा, मोजे काखेत,
साबणाने घासतेय, घासतेय.
मागून नुगझार आला, सिगारेट बोटांत,
बोटं विसरून.

चार हात,
हिरव्या सालीच्या रसाने मनगटापर्यंत काळे.
साबणाला हा डाग दाद देत नाही.
कातडी जुनी झाली की आपण होऊन जातो,
हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

बराच वेळ नुसतं पाणी वाहिलं.
मग तो म्हणाला, ‘लिंबू लावून बघ.’
‘लावलं.’
‘कधी उतरवलेस?’
‘चारला. खालच्या फांद्या रिकाम्याच होत्या.’
‘मी दोनला आलो होतो.’
‘तरीच.’
तिने नळ त्याच्यासाठी तसाच चालू ठेवला.

मग दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.
माझी बाटली कधीच भरली होती,
मी भरतच राहिले.

११.४०. हात खिशात गेले, हात मोज्यांत गेले.
हुकूम पाळला का, बाईंनी विचारलं.
‘पाळला,’ तो म्हणाला.
‘पाळला,’ तीही.
सात तारखांत पहिल्यांदाच
दोन्ही पक्ष एकाच उत्तरावर आले. मी तसं लिहिलं.

संध्याकाळी माझ्या खुर्चीवर कागदाची पुडी.
नाव नाही. आत नऊ अक्रोड,
वरची साल आधीच काढलेली,
माझ्या बोटांना लागू नये म्हणून.