गुंड भरेस्तोवर

जावई महाडचा. तिकडं म्हणे
रस्त्यानं जाताना डाव्या हाताला एक, उजव्या हाताला तीन,
मोजायचे राहून जातात.
बहिणीच्या लग्नाला दोन वर्षं झाली,
पहिल्यांदा आला तो भर वैशाखात,
अन् ताटावर बसल्या बसल्या बोलला,
तुमच्याकडं धबधबे नसतीलच.

मी आमरसाची वाटी पुढं सरकवली.
म्हटलं, उद्या पाहू.

परतवाड्याची गाडी नाक्यावर सोडली, वर पायी.
साग पार उघडा. पानं पायाखाली
पापडासारखी मोडत होती.
त्याची दुसरी बाटली संपली.
मी सांगत गेलो:
ह्या वळणावर आवाज सुरू होतो.
इथं आम्ही चपला काढायचो.
शाळेची सहल ह्या दगडावर,
गोवऱ्यांच्या आरात रोडगे,
वांग्याच्या भाजीत राख पडायची, कोणी काढायचं नाही.
इथून पुढं बोललेलं ऐकू येत नाही,
म्हणून वासनकर मास्तर
बोटं दाखवून हजेरी घेत.

तो ऐकत होता.
आवाज कुठंच नव्हता. एक होला, तेवढाच.

मग धारखोरा.
चाळीस हात काळा कातळ
आणि मधोमध, वरून खालपर्यंत,
एक पांढुरका पट्टा,
जुनं कॅलेंडर काढल्यावर भिंतीवर उरतो तसा.
हाच? तो म्हणाला.
हाओ. हाच.

लाज वाटली, खोटं कशाला.
पाहुण्यापुढं रिकामं ताट ठेवल्यासारखी.
पण मान आपोआप वर गेली माझी,
जिथून तो उडी घेतो तिकडं,
आणि डोळे मिटले गेले,
तुषार येतील म्हणून.

खाली सावलीत फुलमती कास्देकर बसली होती.
कातळाच्या भेगेत पळसाचं पान खोचलेलं,
पानाच्या टोकाशी थेंब,
थेंबाखाली गुंड.

टप.

मग इतका वेळ काहीच नाही
की वाटावं, संपलं.

टप.

गाव टँकरची वाट पाह्यते, ती म्हणाली, मी ह्याची.
हा येतो तरी.
एक गुंड भरायला किती वेळ, जावयानं विचारलं.
तिनं दोन अंजनाची झाडं दाखवली:
ऊन त्याच्यावरून ह्याच्यावर येईस्तोवर.

कोरकूत पाण्याला डा म्हणतात.
एवढुसा शब्द.
लहानपणी वाटायचं, अख्ख्या धबधब्याला
हा पुरणार कसा.

जावई बसला. बूट काढले, मोजे त्यात कोंबले.
चारची गाडी जाईन, मी म्हटलं.
जाऊ द्या.
पट्ट्यावरून त्यानं हात फिरवला,
मग बोटाला लागलेलं पांढरं
पँटला पुसलं नाही.
फोटो काढला नाही. मी दोनदा सुचवलं.
वर मधमाश्यांची तीन पोळी लोंबत होती,
माश्या येऊन त्याच पानाच्या देठाशी
ओळीनं बसत, पिऊन जात,
आणि फुलमती त्यांना हाकलत नव्हती.
त्यांचाही नंबर असतो, म्हणाली.

गुंड पाऊण झाला तेव्हा
तिनं पानाचं टोक जरासं वाकवलं
आणि दोन थेंब त्याच्या तळहातावर जाऊ दिले.
तो बराच वेळ मूठ उघडी धरून होता.

गाडी गेलीच होती. अंधारात चालत आलो.
त्यानं एकदाच विचारलं:
म्हणजे हा कधी थांबतच नाही?
माहीत नव्हतं मले, मी म्हटलं.
खरंच नव्हतं.
आम्ही आषाढ ते दिवाळी येणारी माणसं.

पोळ्याच्या आधी त्याचा फोन आला.
आमच्याकडं रेंज फक्त धारखोऱ्याच्या माथ्यावर,
अन् मी नेमका तिथंच, शर्ट पिळत.
त्याच्यामागं त्याचे सगळे कोसळत होते,
माझ्यामागं माझा एकटा.
गुंड भरला का, असं काहीसं तो ओरडला.
मी काय ओरडलो, आठवत नाही.
दोघांनाही काही ऐकू येत नव्हतं.

सहा मिनिटं बोललो.