एका विड्याचं अंतर

एल आल्तोच्या विमानतळावर माझं काम वजनाचं.
आधी सामान, मग माणूस.
एकोणीस जागांचं विमान;
वैमानिकाला सगळ्यांची बेरीज लागते,
कोण कशासाठी चाललंय ते लागत नाही.

सातुर्निना चोकेवांका काट्यावर चढली,
घागऱ्यावर घागरा, डोक्यावर उंच गोल टोपी.
"टोपी काढू?"
म्हटलं, असू दे आजी, टोपीचं असून असून किती असणार.

मग म्हणाली, रुरेनाबाके किती लांब?
भिंतीवर तक्ता आहे. वाचून दाखवला :
हवेतून दोनशे त्रेचाळीस किलोमीटर,
वेळ चाळीस मिनिटं.
रस्त्यानं अठरा तास, दरड नसेल तर.
ती बघत राहिली,
भाव विचारल्यावर दुकानदारानं
परक्या मुलखाचं नाणं सांगावं तशी.

"विडे किती?"

माझा आजोबा असंच मोजायचा.
गालात कोकाची पानं धरायची, चालू लागायचं;
चव गेली की एक विडा रस्ता झाला.
बाजार दोन विडे. दवाखाना पाच.
चढावर विडा आखडतो,
हे ज्याचं त्यानं समजून घ्यायचं.

हिशेब केला. एक, म्हटलं.
"एक?"
तिनं पिशवी पोटाशी ओढली.
सुकवलेले काळे बटाटे, चार किलो जास्त.
नातीच्या काळजाला भोक आहे,
इथली हवा तिला पुरत नाही,
म्हणून लेक तिला घेऊन खाली उतरली
ती तीन वर्षं खालीच.
"म्हणजे तीन वर्षं मी एका विड्यावर बसून होते?"

याचं उत्तर तक्त्यात नाही.
वैमानिक म्हणाला, दोन जागा रिकाम्या आहेत, येऊ देत बटाटे.

विमान डोंगराच्या खांद्याआड गेलं.
आवाज थोडा मागे रेंगाळला.

आठवड्यानं ती परतली,
हातात केळ्याचे वेफर्स, पिशवी फुगून उशी झालेली.
खाली भरलेली हवा वर मावत नाही.
जाताना नेलेली पाण्याची बाटली मात्र
उतरता उतरता चेपली, म्हणाली,
कुणी मुठीत दाबल्यासारखी.
पोरीनं ती खेळायला ठेवून घेतली.
वेफर्स माझ्या टेबलावर ठेवून, जरा तक्रारीनं :
"तुझा हिशेब चुकला.
उतरले तेव्हा पानं अजून कडूच होती."

माझा भाऊ खाली आहे, लाकडाच्या वखारीत.
अकरा वर्षं झाली.
भांडण कशावरून, ते सांगता येईल,
पण लाज वाटावी इतकं लहान :
वेल्डिंगचं एक यंत्र.

संध्याकाळचं विमान वाऱ्यानं रद्द झालं.
हॉलमध्ये झाडूवाला तेवढा.
ती फुगलेली पिशवी हातात धरून
मी काट्यावर उभा राहिलो. एकाहत्तर किलो.
काटा स्थिर होईना.
मी श्वास घेत होतो, म्हणून असेल.