चार नंबरच्या सुया

चार नंबरच्या सुयांचा घरात एकच संच,
आणि त्यावर सध्या हेडलीचा हातमोजा अडून बसलाय.
तो उतरला तर बाळाची टोपी चढेल,
टोपी झाली तर शुक्रवारच्या फेरीबोटीनं पार्सल जाईल,
पार्सल गेलं की मी गार्लंडच्या स्वेटरकडे बघेन,
असं मी मागच्या शुक्रवारीही म्हटलं होतं.

स्वयंपाकघरात बसायला खुर्ची उरलेली नाही.
एकीवर स्वेटर: पाठ पूर्ण, पोट अर्धं.
एकीवर मिशनच्या टोप्या, बंदरात येणाऱ्या खलाशांसाठी,
कुणी मनिलाचे, कुणी ओडेसाचे,
नावं मला कधी कळायची नाहीत,
डोकी मात्र सगळ्यांची साधारण बावीस इंची.
ब्रेडच्या डब्यात नातीचा एक पायमोजा.
दुसरा? विचारू नका.
एक ना धड, भाराभर लोकर,
व्हायोला दारातूनच म्हणते
आणि उभ्यानं चहा पिऊन जाते.

सेंट जॉन्सच्या इस्पितळातून नर्सचा फोन येतो.
आधी सांगायची, संत्र्याएवढं डोकं धरा.
यंदा म्हणाली, लिंबाएवढं जमेल का?
फोन ठेवून मी टोपलीतलं लिंबू उचललं,
त्याच्याभोवती टेप धरला.
मग ते मला कापवेना.
त्या रात्री मासा नुसताच खाल्ला.
अठ्ठेचाळीस टाके.
हाताला लय सापडेपर्यंत टोपी संपलेली असते.

हेडली माझा धाकटा दीर.
विंचच्या दोरात आधी त्याचं बोट गेलं,
मग कॉडची मासेमारी बंद झाली, आणि बोट गेली.
गेलेल्या बोटीबद्दल तो अजून तासभर बोलतो.
बोटाबद्दल नाही.

आमच्या बेटावर हातमोज्याची तर्जनी वेगळी विणतात,
बंदुकीचा घोडा ओढता यावा म्हणून.
बाकीची तीन बोटं एका खोलीत,
अंगठ्याचं बिऱ्हाड पहिल्यापासून निराळं.
आता उजव्या हाताला ती तर्जनीची खोली
बांधायची की नाही?
तीन दिवस हातमोजा ह्याच प्रश्नावर थांबला,
सुया अडकून,
मागे लिंबांची रांग.
वहिनीनं हे विचारावं तरी कसं?
शेवटी दुकानात, मिठाच्या पोत्याशी गाठून विचारलं.
घाल की, तो म्हणाला.
थंडी तिथंच सगळ्यात जास्त वाजते.

गार्लंड फोर्ट मॅकमरीला असतो, तेलाच्या खाणीवर.
परवा त्यानं फोटो पाठवला. पोट सुटलंय.
म्हणजे सगळं उसवणं आलं.
राग नाही आला मला.
कुणीतरी त्याला नीट जेवू घालतंय,
आणि आईला सांगायचं तेवढं राहिलंय.

उसवलेली लोकर नागमोडी राहते,
गेलेले टाके लगेच विसरत नाही.
किटलीच्या वाफेवर धरली, जराशी सैल पडली.
लहानपणापासून त्याला लोकर टोचायची,
म्हणून मुद्दाम मऊ घेतली होती.
तेवढ्या लोकरीत तो आता मावणार नाही.
पाच बाळं मावली.

काल रात्री हेडली हातमोजे न्यायला आला.
उजवा चढवला. तर्जनी मान टाकून पडली.
त्यानं माझ्या टोपलीतून चिमूटभर कच्ची लोकर उचलली,
बोटात ठासली,
दाबून पाहिली, आणखी चिमूटभर घातली.
बोट उभं राहिलं.
त्याच बोटानं त्यानं खिडकीबाहेर दाखवलं:
खाडीच्या तोंडाशी बर्फ लागलाय, पांढरा, दूरवर.
उद्या फेरी येत नाही, वहिनी.

पार्सल बांधून तयार होतं, पत्ता घालून, गाठ मारून.
ते मी खुर्चीवर ठेवलं.
चार नंबरच्या सुया मोकळ्या होत्या,
कितीतरी दिवसांनी.
तो गेल्यावर क्षणभर नुसतीच उभी राहिले,
मग ब्रेडचा डबा उघडला.